ठिपक्याचं पाखरू, फुलीचं पाखरू

माझ्या नातवंडांना उडणारं सगळं एकच वाटतं. काही फडफडलं की 'पाखरू आलं' म्हणतात आणि मोकळी होतात. मी मात्र अजूनही हातातलं काम टाकून बघते. बसल्यावर पंख कसे मिटतात, कडेला झालर आहे का, पाठीवर ठिपके आहेत की फुली आहे. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला खूळ लागलंय. लागू दे. तांदळाच्या दाण्याएवढ्या एका पाखराच्या पंखावर एके वर्षी माझा संसार टांगला होता, हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

माझं माहेर निपाणीच्या बाजूचं, तंबाखूच्या काळ्या रानातलं. सासर बेळगुंदीचं, भाताचं आणि बटाट्याचं. मधे एवढं अंतर असून सोयरीक जुळली ती चिकोडीच्या बैलबाजारात. माझे आप्पा बैल विकायला गेले होते, मामंजी घ्यायला आले होते. बैल काही ठरला नाही, मी ठरले. मामंजी पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट हसत हसत सांगायचे आणि सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "बैल घेतला असता तर निदान नांगराला तरी आला असता." त्यांची थट्टा आणि त्यांचा राग यांतला फरक कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

लग्न माघात झालं. पाठवणीच्या वेळी आप्पांनी गाडीत तंबाखूची एक मोठी पेंडी ठेवली. पान लांब, तपकिरी, हाताला चिकटणारं. "आमच्याकडं दुसरं काय पिकतंय?" असं म्हणत त्यांनी ती दिली, पण मला ठाऊक होतं की अख्ख्या खळ्यातली सगळ्यात चांगली पानं त्यांनी वेचली होती. व्याह्यांना खायला आणि विहिणीला मिश्रीला. सासूबाईंनी पेंडी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "पान बाकी झ्याक हाय." पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते तेवढंच, आणि तेही तंबाखूचं.

पेंडी मागच्या अंधाऱ्या खोलीत खुंटीला टांगली. ती खोली बटाट्याची. माघात काढलेल्या बटाट्यांतले निवडक बाजूला काढायचे, भाताच्या तुसावर पसरून ठेवायचे आणि मिरगाला लावायचे. त्या घरात रिवाज असा होता की भात पुरुषांचं आणि बटाट्याचं बियाणं बाईचं. निवडणं, राखणं, डोळे बघून फोडी करणं, सगळं सासूबाईंच्या हातात. बियाणं टिकलं तर गाव म्हणायचं, बाईचा हात चांगला. नासलं तर हातच नासका. त्यांच्या सासूनं मरताना त्यांना दागिना दिला नव्हता, त्या खोलीची किल्ली दिली होती.

चैत्राच्या अखेरीची दुपार होती. सासूबाई मिश्रीसाठी पेंडीतलं पान ओढायला त्या खोलीत गेल्या. मी चुलीवर खापर ठेवत होते. आतून आधी शिंक ऐकू आली आणि मग आरोळी. धावत गेले तर त्या दारात उभ्या राहून तोंडावर पदर झटकत होत्या. पान ओढल्याबरोबर पेंडीतून राखी रंगाची बारीक पाखरं भुर्रकन त्यांच्या तोंडावर आली होती. एक तर भुवईवर अजून बसलेलं होतं.

"हे काय गं? तुझ्या बानं तंबाकू दिली का पाखरं दिली?"

मी काही बोलणार तोवर त्यांची नजर खाली गेली. वाकून त्यांनी एक बटाटा उचलला. डोळ्यापाशी काळी बारीक लीद, तिला जाळीसारखे धागे. नखानं उकरलं तर आत बोगदा आणि बोगद्यात काळ्या डोक्याची अळी. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग त्या तुसावर बसूनच एकेक बघत गेल्या. चांगल्यांपेक्षा किडकेच जास्त निघाले.

सासूबाई रडल्या नाहीत, त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. हातातला बटाटा तुसावर ठेवून म्हणाल्या, "ह्या खोलीत आजवर असलं पाखरू न्हवतं. तुझी पेंडी आली आन पाखरू आलं. मला काय कळत न्हाय व्हय?"

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांचं बोलणं बिनतोड होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण तेव्हा मी त्यांच्या जागी नव्हते. पेंडी माझ्या बापानं दिलेली होती, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांच्या तोंडी तेच. 'निपाणीची पाखरं.' सासूबाईंनीच सांगितलं असणार, कारण नासक्या हाताचा बोल आपल्यावर यायच्या आत तो दुसरीकडं वळवायला हवा होता. मला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. आणि मग एकदा, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता त्या बोलल्या, "तुझा मुराळी आला की जा म्हायेरला. आन आमचं मूळ येईस्तवर ऱ्हा तिकडंच."

ज्यांना हे आता कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माहेरचं माणूस लेकीला न्यायला येतं तो मुराळी. सासरचं माणूस तिला परत आणायला जातं, ते मूळ. मूळ आल्याशिवाय बाई आपल्या पायांनी सासरी परत जात नसे, गेली तर दोन्ही घरांची लाज. आणि मूळ कधी पाठवायचं हे सासरच्यांच्या हातात. पुढच्या महिन्यात, पुढच्या सणाला, पुढच्या सालाला. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाला टाकलं असंही म्हणायचं नाही. नुसतं मूळ येत नाही. माहेरी आमच्या गल्लीत अशा दोघी होत्या, काळे मणी गळ्यात घालून भावजयांची धुणी धुणाऱ्या. सासूबाईंचं बोलणं ऐकलं आणि त्या दोघींचे चेहरे माझ्यापुढं उभे राहिले. मी घाबरले, हे सरळच सांगते. भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

बोलायची सोय नव्हती, बघायची होती. माहेरी तंबाखूच्या रोपाला एक कीड पडते, खोडाला गाठ येते. आम्ही पोरं ती गाठ चिरून अळी बघायचो. एकदा मी तसलं खोड गाडग्यात झाकून ठेवलं होतं, तर काही दिवसांनी आतून इवलंसं पाखरू निघालं. तांबूस, एकरंगी, कुठंही ठिपका नाही. आप्पा त्याला गाठीचं पाखरू म्हणायचे. ते माझ्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. सासूबाईंच्या भुवईवरचं पाखरू मला पहिल्या नजरेलाच आमचं वाटलं नव्हतं. पण नुसतं वाटून काय होतं?

खोलीत जायची बंदी होती, पण पाखरांना कुठं बंदी होती? दाराच्या चौकटीवर, भिंतीच्या भेगेत ती दिवसा चिकटून बसलेली असायची. कंदिलाची तडकलेली काच मी पैदा केली. पाखरावर काच ठेवायची, खालून पत्रावळीचं पान सरकवायचं, की पाखरू आत. अडचण एकच, एवढ्याशा पंखावरचं नीट दिसेना. घरात भिंग कुठलं! मामंजींचा पोथी वाचायचा जाड चष्मा होता, एका बाजूला दोरा बांधलेला. पण सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे, चष्मा मागणं लांबच. मी ह्यांना सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, "आता पाखरांची पोथी वाचणार काय?" मला वाटलं, गेलं ते बोलणं वाऱ्यावर. पण दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीच्या दाराशेजारच्या कोनाड्यात चष्मा होता आणि मामंजी बाहेर सोप्यात बसून कुणालाही उद्देशून नाही असं मोठ्यानं म्हणत होते, "आज पोथी न्हाय वाचायची. डोळं लई दुखाय लागल्यात." त्यांचे डोळे पुढं पंधरवडाभर दुखत होते.

चष्मा पाखरापासून थोडा वर धरला आणि मी बघतच राहिले. पंख पाठीवर अरुंद मिटलेले, रंग मळकट राखी, कडेला केसांची झालर. आणि त्यावर खुणा. काहींच्या पंखांवर काळे ठिपके, दोन-तीन, ओळीनं. काहींच्या पाठीवर मात्र ठिपके सुटे नव्हते. दोन्ही पंख मिटले की त्यांच्यावरचे काळे डाग मिळून नेमकी एक फुली व्हायची, चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशी. मी काच बदलून बदलून बघितलं. एकतर ठिपके, नाहीतर फुली. तांबूस, एकरंगी असं एकही नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथंच बसून हसले. आमचं गाठीचं पाखरू ह्यांत नव्हतंच!

आता हे सासूबाईंना दाखवायचं कसं? चष्मा लावून पाखरू बघ म्हणावं तर त्या काच भिरकावून द्यायच्या. मग मला सुचलं ते रांगोळीचं. सकाळी त्या खोलीच्या दारापुढं सारवलं आणि तीन पाखरं काढली, परातीएवढी मोठी. एक ठिपक्याचं, एक फुलीचं, एक कोरं. रांगोळीत ठिपके काढायचा हात होताच, पंखांची झालरसुद्धा बारीक रेघांनी साधली. मामंजी गोठ्याकडं जाताना ती बघून थबकले आणि अंग चोरून कडेनं गेले. सासूबाई आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उंबऱ्यापुढं किडं काढत्यात व्हय गं? तुमच्यात लक्ष्मीची पावलं काढत न्हाईत?"

"आत्ती, हे बघा तरी. ही दोन तुमच्या खोलीतली. आन हे कोरं आमच्या तंबाखूतलं. आमचं ह्या खोलीत एकबी न्हाय."

त्यांनी बघितलं. नीट बघितलं, हे कबूल करायला हवं. एकेका पाखरापाशी थांबून, मान कलती करून बघितलं. मग कोऱ्या पाखराकडं बोट करून म्हणाल्या, "हे तुझ्या आठवणीतलं. त्येचं मला काय सांगतीस?" आणि बोट सरकवलं. "ह्या दोन जाती, न्हवं? ठिपक्याचं एक, फुलीचं एक? मग सरळ हाय की. एक आमचं आसंल, एक तुझ्या पेंडीतलं. फुलीचं तुझं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! दोन जाती मीच दाखवल्या होत्या, माझ्याच हातानं, परातीएवढ्या. संध्याकाळपर्यंत विहिरीवर गेलं की निपाणीच्या पाखराच्या पाठीवर फुली असते.

त्या दोन-तीन दिवसांत मी माझ्या डोळ्यांवरही रागावले होते. एवढं बारीक बघितलं नसतं तर बरं, असं वाटायचं. पण बघायचं सुटेना. काचेखाली ठेवलेल्या पाखरांकडं मी येता-जाता नजर टाकायची. एका सकाळी काचेत दोन पाखरं शेपटीला शेपूट लावून निवांत बसलेली दिसली. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. मी चष्मा आणला. एकाच्या पंखावर ठिपके, दुसरीच्या पाठीवर फुली. ठिपक्याचा नर आणि ती पोट फुगलेली फुलीची मादी. दोन जाती कसल्या, नवराबायको होती ती!

मी सासूबाईंना हाक मारली. नव्या सुनेनं सासूला हाक मारून बोलावणं हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं असेल. त्या आल्या, चष्मा डोळ्यांपुढं धरला, आणि काय चाललंय ते कळल्याबरोबर चष्मा खाली.

"शी गं बाई! नव्या नवरीनं हे बघत बसायचं?"

पण मग त्यांनी परत चष्मा धरला. बऱ्याच वेळानं, आवाज खाली आणून, "ठिपक्याचा गडी म्हणायचा," असं स्वतःशीच पुटपुटल्या. हसू आलं होतं त्यांना, ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

"मग आत्ती, फुलीचं माझं कसं?"

"बरं, एकच जात. पर ती पेंडीतनंच आली. मी माझ्या तोंडावर घेटलेत की ती."

तेव्हा मी म्हटलं, मडकी मांडूया. हे मला कसं सुचलं कोण जाणे, बहुधा लहानपणीच्या त्या गाडग्यावरून. दोन कोरी मडकी. एकात माझ्या पेंडीतली पानं, एकात धुऊन, निरखून घेतलेले चांगले बटाटे. दोन्हींत ठिपक्याची आणि फुलीची पाखरं सोडायची आणि तोंडाला धोतराचं पातळ फडकं बांधायचं. पाखरू ज्याचं असेल त्याच्यात अळी होईल. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. "गाठी मी बांधणार," म्हणाल्या. त्यांच्या गाठी त्यांनाच सुटायच्या, घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बटाटेही त्यांनीच निवडले. मडकी चुलीमागच्या फळीवर गेली.

मडकी उघडायची वेळ आली नव्हती तोवर माझा अण्णा आला, माझा थोरला भाऊ. गावची जत्रा होती, मला न्यायला आला होता. सर्व्हिस मोटारीनं बेळगावपर्यंत आणि तिथून चालत, डोक्यावर चुरमुऱ्याचं पोतं घेऊन. आईच्या हातचं खायला, मैत्रिणींत बसायला मी झुरत होते. सासूबाई म्हणाल्या, "जा की, पातळं भर." सरळ आवाजात म्हणाल्या, आणि त्या सरळ आवाजाचीच मला भीती वाटली.

मी म्हटलं, "मी येत न्हाय, अण्णा."

तो बिचारा बघतच राहिला. "आगं, आईनं वाट बघिटलीय. काय झालंय काय?"

मी सासूबाईंपुढंच बोलून गेले. "आत्ता गेले तर माझं मूळ येणार न्हाय. मडकं उघडल्यावर जाईन. तोवर मला हितनं हलवू नगोस."

अण्णाला मडकं कसलं हे कळेना. सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं, आग्रह करून करून वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. अण्णा एकटाच परत गेला. वेशीपर्यंत मी त्याच्या मागनं गेले. तो एकदाही वळला नाही, रागावला होता. माहेराला नाही म्हणणारी मुलगी मीही कधी बघितली नव्हती, आणि ती मीच निघाले. त्या दिवसाइतकी मी नंतरही फारशी रडलेली नाही.

मडकी उघडली ती वैशाखाच्या उतरणीला. गाठी सासूबाईंनी सोडल्या. मामंजी कधी नव्हे ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हेही उभे. बटाट्याच्या मडक्यातून नुसता वासच आला. डोळ्याडोळ्याला काळी लीद, बोगदे, वळवळ. तंबाखूच्या मडक्यात पाखरं पानांवर मरून पडली होती. सासूबाईंनी प्रत्येक पान उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी, शिरांवर नख फिरवून बघितलं. अळी नाही, भोक नाही, जाळं नाही. खोली अंधारी म्हणून पाखरं पेंडीत नुसती दिवसभर दडून बसत होती, एवढंच.

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. मागितली असती तर मीच बावरले असते. पानं झटकली, खापरावर घातली आणि मिश्री भाजायला बसल्या. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर, सगळ्यांच्या घागरी भरत असताना, त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाखरू बटाट्याचंच हाय बायांनो. तंबाकूला त्येचा दात लागत न्हाय. मी माझ्या हातानं मडकी मांडून बघिटलंय. परत कोण निपाणीची पाखरं म्हणाली तर माझ्याशी गाठ हाय." आणि त्यांच्याशी गाठ घ्यायची कुणाची छाती नव्हती. उरलेलं बियाणं आम्ही दोघींनी मिळून निवडलं आणि वाळूत पुरलं. फुलीचं पाखरू दिसलं की त्या आधी ते चिमटीत धरायच्या. "मादी पैली," म्हणायच्या. त्यांना आता चष्म्याची गरज उरली नव्हती.

पंचमीला अण्णा परत आला आणि या वेळी मी गेले. सासूबाईंनी ओटी भरली. मूळ कधी येईल हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

श्रावण सरला. वेदगंगा दुथडी भरली होती, म्हणून आई म्हणायची, पाणी उतरलं की येतील. पाणी उतरलं. गणपती आले आणि गेले. आई मग कारणं शोधायची थांबली, आणि तिनं कारणं शोधणं थांबवलं तेच मला जास्त लागलं. मडक्यानं पाखराचा निवाडा झाला होता, पण माझा झाला होता का? विहिरीवरचं बोलणं वेगळं. सासूला हाक मारून बोलावणारी, सासूपुढं भावाला परत पाठवणारी, काचेखाली नको ते बघणारी सून त्या बाईला घरात हवी होती का, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. भावजयीनं एकदा सहज म्हटलं, "धुणं टाकलंय, जरा आपटून काढतासा?" मी उठले आणि मला त्या दोघी आठवल्या.

आणि एका दुपारी दारात गाडी थांबली. आम्हाला वाटलं, हे आले असतील, नाहीतर चुलत दीर. गाडीतून उतरल्या त्या सासूबाई. मूळ म्हणून सासू स्वतः आल्याचं आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. बेळगावच्या पुढं त्या जन्मात गेल्या नव्हत्या. मोटारीत इतक्या उलट्या झाल्या होत्या की तोंड पांढरं पडलं होतं, हातात चोखलेलं लिंबू होतं. आईनं पाय धुवायला पाणी दिलं तेव्हा म्हणाल्या, "सगळ्यास्नी कापणीची गडबड हाय. मीच रिकामी हुते." कापणीला अजून पुष्कळ अवकाश होता, पण त्यांना हटकणार कोण?

निघायच्या आधी आप्पांनी त्यांना रान दाखवायला नेलं. आप्पांना दुसरं काय दाखवायला होतं? मीही मागनं गेले. तरव्याच्या वाफ्यातली तंबाखूची रोपं लावणीला आली होती, हिरवीगार, तळहाताएवढ्या पानांची. आप्पा बियाण्याचं, खताचं सांगत होते. सासूबाई ऐकता ऐकता सवयीनं वाकल्या आणि त्यांनी एक पान उलटलं. पानावर पापुद्रा सुटल्यासारखा पांढरट डाग होता. त्यांनी शेजारचं पान उलटलं. तिथंही डाग, आणि शिरेला चिकटून बसलेलं राखी पाखरू. त्यांनी ते चिमटीत धरलं, हात लांब केला आणि मान कलती करून बघितलं.

मी दोन पावलांवर होते. मला पाखरू दिसलं नाही, पण त्यांचा चेहरा दिसला, आणि मला कळलं. बटाटा, तंबाखू, वांगं ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि वाळलेल्या पानाला तोंड न लावणारं ते पाखरू हिरव्या पानात सुखानं वाढतं, हे शेतकी खात्याच्या एका माणसाकडून मी पुष्कळ वर्षांनी ऐकलं. त्या दिवशी आम्हा दोघींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या बापाच्या तंबाखूत ते पाखरू होतं आणि ते ओळखायला सासूबाईंना मीच शिकवलं होतं, एवढंच त्या घटकेला मला दिसत होतं.

"काय बघतासा, ईनबाई?" आप्पांनी विचारलं.

सासूबाईंनी चिमूट मिटली. "काय न्हाय पावणं," त्या म्हणाल्या. "रोपं लई झ्याक हाईत. तेवढं पांढरं डाग पडल्यालं पान दिसलं की खुडून जाळत चला."

गाडी गावाबाहेर पडली तरी त्यांची मूठ मिटलेलीच होती. ओढ्यापाशी गाडीवान बैलांना पाणी पाजायला थांबला तेव्हा मी हळूच विचारलं, "फुलीचं हुतं?"

"व्हय. मादी."

"मग आत्ती, तुमचंच खरं झालं."

"कशाचं खरं? हितं बी हाय आन तितं बी हाय. कोण कुणाकडनं आलं त्ये पाखरालाच ठावं. गल्लीत ह्यातलं अक्षर काढू नगंस. सून आणाय चाललेय म्हणून मी सगळ्यास्नी सांगून आलेय."

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी मूठ उघडली, बोटांना लागलेली राखी पूड लुगड्याच्या ओच्याला पुसली आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हाण रं, मोटार चुकंल."